स्कॅनरवरचे ‘१६ बिट’ आणि ‘४.८ डी-मॅक्स’: बिट डेप्थ आणि डायनॅमिक रेंज यांचे नाते नेमके काय?

जुनी_पेटी (धागाकर्ता)

घरातल्या जुन्या स्लाइड आणि निगेटिव्ह स्कॅन करायला घेतल्यापासून एका प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला आहे, म्हणून हा धागा काढत आहे. स्कॅनरच्या माहितीपत्रकात दोन आकडे हटकून शेजारी शेजारी दिलेले असतात. एक बिट डेप्थचा, म्हणजे ‘४८ बिट’ किंवा ‘प्रत्येक रंगाला १६ बिट’ असा. आणि दुसरा डायनॅमिक रेंजचा किंवा डी-मॅक्सचा (स्कॅनरला वाचता येणाऱ्या सर्वांत काळ्या भागाच्या डेन्सिटीचा, म्हणजे गडदपणाचा), म्हणजे ३.४, ४.०, ४.८ असा. एप्सनच्या व्ही६०० आणि व्ही७०० या दोन्ही स्कॅनरवर ४८ बिट असेच लिहिलेले आहे, मात्र पहिल्याचा डी-मॅक्स ३.४ आणि दुसऱ्याचा ४.० सांगितला जातो. याउलट निकॉनच्या कूलस्कॅन मालिकेत १४ बिटांच्या ‘व्ही’ला ४.२ आणि १६ बिटांच्या ‘५०००’ला ४.८ असे आकडे आहेत. म्हणजे तिथे बिट वाढले तशी रेंजही वाढलेली दिसते. एकीकडे नाते दिसते आणि दुसरीकडे दिसत नाही, हे कसे?

प्रश्न केवळ कागदावरचा नाही. माझ्याकडच्या एका स्लाइडमध्ये समोर लख्ख उन्हातले अंगण आहे आणि मागे उघड्या दारातून अंधारी खोली दिसते. प्रोजेक्टरवर पाहिले की त्या अंधारात एका खुर्चीची पाठ स्पष्ट ओळखू येते. स्कॅनमध्ये मात्र तिथे नुसता काळा डाग आहे आणि तो उजळवला की त्यातून खुर्चीऐवजी तांबडे-हिरवे कण वर येतात. २४ बिटांऐवजी ४८ बिटांवर पुन्हा स्कॅन केले, फाइल दुप्पट झाली आणि कण जसेच्या तसे राहिले. बिट वाढवूनही अंधारातले तपशील मिळत नसतील, तर त्या बिटांनी केले काय?

अंशमापक

प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. आधी डेन्सिटीचा हिशेब स्पष्ट करतो, कारण अर्धा घोळ त्या दशांश चिन्हातच असतो. फिल्मवरचा एखादा भाग पडलेल्या प्रकाशाचा दहावा हिस्सा पलीकडे जाऊ देत असेल तर त्याची डेन्सिटी १, शंभरावा हिस्सा जाऊ देत असेल तर २, आणि हजारावा हिस्सा जाऊ देत असेल तर ३. ही मोजणी लॉगच्या पट्टीवर होत असल्यामुळे प्रकाश निम्मा झाला, म्हणजेच एक स्टॉप कमी झाला, की डेन्सिटी ०.३ ने वाढते. त्यामुळे ३.४ आणि ४.० यांतला फरक दिसायला किरकोळ वाटला तरी तो दोन स्टॉपचा, म्हणजे प्रकाशात चौपटीचा आहे.

आता एक विहीर डोळ्यांसमोर आणा. तिची खोली मोजायला तुम्ही गाठी मारलेला दोर सोडता. विहिरीच्या तळाशी गाळ आहे आणि पाणी कुठे संपते व गाळ कुठे सुरू होतो हे नेमके सांगता येत नाही. काठापासून गाळापर्यंतचे निर्मळ पाणी ही डायनॅमिक रेंज, गाळ म्हणजे सेन्सरचा नॉइज (त्याच्या आकड्यांत आपोआप होणारी अनियमित चलबिचल) आणि दोराच्या गाठी म्हणजे बिट. गाठी जवळजवळ मारल्या तर मोजणी अधिक बारीक होईल, पण त्याने विहीर खोल होत नाही. गाळात बुडालेल्या गाठी तर मोजण्याच्या कामाच्याच उरत नाहीत.

आकड्यांत पाहू. समजा, एखाद्या सेन्सरच्या एका पिक्सेलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० इलेक्ट्रॉन साठतात आणि अंधारातही वाचनाच्या वेळी सुमारे १२ इलेक्ट्रॉनांची अनिश्चितता राहते. ५०,००० ला १२ ने भागल्यास साधारण ४,१६७ येतात आणि त्याचा लॉग ३.६ येतो. हीच त्या सेन्सरची खरी डायनॅमिक रेंज. आता त्याला १६ बिटांचा कन्व्हर्टर, म्हणजे संकेताचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग, जोडला तर (दर बिटामागे पायऱ्या दुप्पट होत) ६५,५३६ पायऱ्या मिळतात, म्हणजे एक पायरी पाऊण इलेक्ट्रॉनाची झाली. १२ इलेक्ट्रॉनांचा नॉइज अशा सुमारे १६ पायऱ्या व्यापतो आणि १६ पायऱ्या म्हणजे चार बिट. याचा अर्थ सोळापैकी शेवटचे चार बिट गाळाची बारकाईने नोंद करत बसलेले आहेत. तुमच्या स्लाइडमधले तांबडे-हिरवे कण हीच ती नोंद आहे. तिन्ही रंगांचा नॉइज एकमेकांशी न जुळणारा असतो, म्हणून काळ्या भागात एका पिक्सेलला तांबडा वर येतो आणि शेजारच्याला हिरवा.

४.८ या आकड्याबद्दल: ६५,५३६ चा लॉग ४.८२ येतो आणि १६,३८४ चा, म्हणजे १४ बिटांच्या पायऱ्यांचा, ४.२१ येतो. माहितीपत्रकातले ४.२ आणि ४.८ या गणिताशी तंतोतंत जुळतात, हा योगायोग समजू नये. गाठींची संख्या मोजून विहिरीची खोली सांगण्याचाच तो प्रकार आहे. स्कॅनर त्यामुळे वाईट ठरत नाही, पण हा आकडा मोजलेला नसून काढलेला आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

रेघोट्या

+१. एक छोटीशी भर. ‘४८ बिट’ हा तिन्ही रंगांचा मिळून आकडा आहे आणि ‘१६ बिट’ हा एका रंगाचा. दोन्हींचा अर्थ एकच. त्याचप्रमाणे फाइल १६ बिटांची आहे म्हणून आतला कन्व्हर्टरही १६ बिटांचाच असतो असे नाही. १२ किंवा १४ बिटांचे मोजमाप १६ बिटांच्या डब्यात भरून दिले, तरी फाइलवर १६ बिट असेच लिहिले जाते.

काळा_चौकोन

अंशमापक, विहिरीची उपमा छान आहे, पण तिच्यातून बिट आणि रेंज यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही असा समज होईल आणि तो चुकीचा ठरेल. तुमचा दोर कितीही लांब असू शकतो. स्कॅनरमधल्या कन्व्हर्टरची गोष्ट तशी नाही. तो प्रकाशाशी सरळ प्रमाणात मोजतो, त्याच्या सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असतात आणि सर्वांत खालची पायरी एकूण उंचीच्या एका ठरावीक भागापेक्षा लहान असूच शकत नाही. १२ बिटांच्या सरळ मोजणीत ० आणि १ यांच्या मध्ये काहीही लिहिता येत नाही. म्हणजे ३.६ च्या पलीकडची डेन्सिटी सेन्सरला स्वच्छ दिसत असली, तरी ती कागदावर उतरवायला आकडाच नाही. तेव्हा बिटांनी रेंज निर्माण होत नाही हे मान्य, पण बिट कमी पडल्यास रेंज कापली जाते हेही तितकेच खरे आहे. वरच्या मर्यादेपुरते नाते आहे आणि ते पक्के आहे.

शिवाय पायऱ्यांची वाटणी किती विषम आहे ते पाहा. १२ बिटांच्या ४,०९६ पायऱ्यांपैकी सर्वांत उजळ स्टॉप एकटाच २,०४८ पायऱ्या खाऊन टाकतो. त्याखालच्या स्टॉपला १,०२४ मिळतात, त्याखालच्याला ५१२, आणि असे निम्मे निम्मे होत दहाव्या स्टॉपच्या वाट्याला ४, अकराव्याच्या वाट्याला २ आणि बाराव्याच्या वाट्याला अवघी १ पायरी येते. धागाकर्त्यांची खुर्ची डेन्सिटी ३.० च्या आसपास असेल, तर १२ बिटांच्या कन्व्हर्टरमध्ये तिथे मूल्य येते ४. १४ बिटांत येते १६ आणि १६ बिटांत ६५. चार पायऱ्यांमध्ये खुर्चीची पाठ, तिच्यावरची घडी आणि मागची भिंत कशी मावणार? बारा बिट ‘बारा स्टॉप दाखवतात’ हे म्हणणे म्हणूनच कागदापुरते खरे आहे. शेवटच्या दोन-तीन स्टॉपमध्ये चित्र नसते, नुसत्या खुणा असतात.

अंशमापक

दुरुस्ती मान्य आहे आणि ती आवश्यक होती. मी ‘संबंध नाही’ असे म्हटले नव्हते, पण उपमेचा झोक तिकडे होता, हे खरे. नेमके म्हणायचे तर सरळ मोजणीत दोन मर्यादा असतात, एक नॉइजची आणि एक पायरीच्या उंचीची, आणि त्यांतली जी आधी आडवी येते ती रेंज ठरवते. चांगल्या प्रकारे आखलेल्या स्कॅनरमध्ये पायरी नॉइजपेक्षा थोडी लहान ठेवलेली असते, म्हणजे बिटांमुळे काही गमावले जात नाही.

यात एक गंमत मात्र आहे. पायरी आणि नॉइज जवळपास सारख्या उंचीचे असतील, तर नॉइज उपयोगीही पडतो. डेन्सिटी इतकी आहे की खरे मूल्य ४.३ यायला हवे, असे समजू. नॉइज अजिबात नसेल तर कन्व्हर्टर दर वेळी ४ असेच सांगेल आणि ०.३ कायमचे हरवेल. थोडा नॉइज असेल तर तो कधी ४, कधी ५, कधी ३ सांगेल आणि अनेक वाचनांची सरासरी ४.३ कडे सरकेल. तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचणारे स्कॅनर याच तत्त्वावर चालतात. ४ वाचनांच्या सरासरीने नॉइज निम्मा होतो, म्हणजे डेन्सिटीत ०.३ ची कमाई. १६ वाचनांनी तो पावपट होतो, म्हणजे ०.६ ची. माझ्या आधीच्या उदाहरणातले १२ इलेक्ट्रॉन १६ वाचनांनंतर ३ वर येतील आणि ३.६ ची रेंज ४.२ होईल. कन्व्हर्टर तोच, बिट तेवढेच आणि रेंज वाढलेली. नाते सरळसोट नसल्याचा यापेक्षा चांगला दाखला मला सुचत नाही.

प्रतिमावेध

इथवरची सगळी चर्चा कन्व्हर्टरच्या बिटांची झाली. फाइलमधल्या बिटांचा हिशेब वेगळा आहे, कारण फाइलमध्ये आकडे सरळ प्रमाणात लिहिलेले नसतात. त्यांच्यावर गामाचा वक्र चढवलेला असतो आणि त्यामुळे अंधाऱ्या भागाला जास्त पायऱ्या मिळतात.

८ बिटांच्या सरळ मोजणीत सर्वांत लहान आकडा १ हा पूर्ण प्रकाशाच्या २५५ व्या हिश्श्याइतका असतो, म्हणजे डेन्सिटी २.४. तोच १ हा आकडा २.२ च्या शुद्ध गामाने लिहिलेल्या फाइलमध्ये असेल, तर त्याचा अर्थ डेन्सिटी ५.३ होतो! एसआरजीबीच्या, म्हणजे पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगप्रणालीच्या, वक्राला तळाशी एक सरळ तुकडा जोडलेला आहे, त्यामुळे तिथे तो १ म्हणजे प्रकाशाचा सुमारे ३,२९५ वा हिस्सा, अर्थात डेन्सिटी ३.५. आठच बिट, पण त्यांचा अर्थ २.४, ३.५ किंवा ५.३ असा तीन प्रकारे लागू शकतो. ‘८ बिटांच्या फाइलमध्ये आठच स्टॉप मावतात’ असे कोणी ठामपणे सांगू लागले, तर त्यांना हे तीन आकडे दाखवावेत.

मावतात हे खरे असले, तरी आरामात मावतात असे नाही. फाइल उघडल्यावर ती तशीच ठेवायची असेल तर ८ बिट पुरतात. सावल्या उचलायच्या, रंगाचा तोल बदलायचा, कॉन्ट्रास्ट ताणायचा, असे ठरले की शेजारच्या दोन पायऱ्यांमधले अंतर डोळ्यांना दिसण्याइतके वाढते, हिस्टोग्रामला (कोणत्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणाऱ्या आलेखाला) फणीसारखे दाते पडतात आणि गुळगुळीत उतारावर पट्टे उमटतात. बिटांचे खरे काम हेच आहे: ताण सोसणे.

(फोटोशॉपचा ‘१६ बिट’ मोड ० ते ३२,७६८ एवढेच आकडे वापरतो, म्हणजे तो १५ बिटांहून एका पायरीने मोठा आहे. त्यातूनही कोणाचे काही बिघडलेले मला ठाऊक नाही.)

जुनी_पेटी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आता २४ आणि ४८ बिटांच्या दोन स्कॅनमध्ये कण सारखेच का दिसले, ते कळले: गाळ तोच होता, फक्त दुसऱ्या खेपेला तो बारीक गाठींनी मोजला गेला. पण मग निगेटिव्हचे काय? निगेटिव्हची डेन्सिटी स्लाइडइतकी चढत नाही असे ऐकून आहे. तसे असेल तर तिला रेंजही कमी पुरेल आणि बिटही कमी पुरतील, असे समजावे का?

उलटछाया

पहिले अनुमान बरोबर आहे, दुसरे उलटे आहे. या धाग्यावर मला सर्वांत जास्त सांगावेसे वाटते ते याच मुद्द्याबद्दल, कारण निगेटिव्ह हे बिट आणि रेंज यांची फारकत दाखवणारे सर्वांत चांगले उदाहरण आहे.

स्लाइड थेट पाहण्यासाठी असते, म्हणून तिचा कॉन्ट्रास्ट चढा असतो आणि तिच्या काळ्या भागाची डेन्सिटी ३.५ च्या वरही जाऊ शकते. निगेटिव्ह हा मधला टप्पा आहे. ती दृश्याचा मोठा पल्ला दाबून लहान जागेत बसवते. तिचा उतार साधारण ०.६ असतो, म्हणजे दृश्यात प्रकाशाचा फरक डेन्सिटीच्या मापाने १ असेल तर फिल्मवर तो ०.६ च उमटतो. समजा, एका निगेटिव्हमध्ये मूळ फिल्मच्या वर १.२ एवढी डेन्सिटी आहे. एवढी रेंज साध्यातल्या साध्या स्कॅनरलाही झेपते. पण त्या १.२ मध्ये दृश्याचा २.० चा, म्हणजे जवळजवळ सात स्टॉपचा पल्ला दाबून बसवलेला आहे आणि उलटवून झाल्यावर तुम्ही तो परत ताणणार आहात. ताण आला की बिट लागतात.

आता आकाश पाहा. निगेटिव्हमध्ये आकाश हा सर्वांत दाट भाग, म्हणजे स्कॅनरच्या दृष्टीने सर्वांत अंधारा. डेन्सिटी १.२ म्हणजे प्रकाशाचा सोळावा हिस्सा. ८ बिटांच्या सरळ मोजणीत तिथे मूल्य येते १६, आणि १६ व १७ यांच्यातला फरक दृश्यात परत नेला तर जवळजवळ स्टॉपचा सातवा हिस्सा भरतो. आकाशासारख्या सावकाश बदलणाऱ्या उतारावर एवढ्या उंचीची पायरी ठळक पट्टा होऊन दिसते. गामा चढवलेल्या ८ बिटांत ती पायरी निम्मी होते, तरीही ताणल्यावर ती जाणवू शकते. १२ बिटांच्या सरळ मोजणीत त्याच जागी मूल्य २५८ असते आणि पायरी स्टॉपच्या शंभराव्या हिश्श्याहूनही लहान होते, प्रश्नच मिटतो. म्हणजे निगेटिव्हमध्ये बिट सर्वांत आधी कमी पडतात ते आकाशात, चेहऱ्यावरच्या उजेडात आणि पांढऱ्या कपड्यांत, सावल्यांत नव्हे. स्लाइडच्या सवयीने सावल्या तपासत बसणारे इथे फसतात.

रंगीत निगेटिव्हच्या नारिंगी मुखवट्याने, म्हणजे सबंध फिल्मवर असलेल्या नारिंगी छटेने, हे दुखणे आणखी वाढते. तो निळा प्रकाश सर्वांत जास्त अडवतो. निळ्या रंगातली मूळ डेन्सिटी तांबड्यापेक्षा ०.६ ने जास्त आहे असे धरले, तर निळ्याला तांबड्याच्या पावपट प्रकाश मिळतो, आणि वरच्या हिशेबातला आकाशाचा आकडा १६ ऐवजी ४ वर येतो. चारावरून पाचावर जाणे म्हणजे दृश्यातला अर्ध्या स्टॉपहून मोठा धक्का, तोही फक्त निळ्या रंगात. परिणामी आकाशात पिवळसर आणि निळसर पट्टे एकाआड एक दिसू लागतात. उपाय असा की स्कॅन करतानाच निळ्या रंगाला जास्त वेळ प्रकाश द्यावा. काही स्कॅनरमध्ये प्रत्येक रंगाचे एक्स्पोजर स्वतंत्रपणे वाढवता येते. स्कॅननंतर सॉफ्टवेअरमध्ये निळा रंग चौपट करणे ही त्याची बरोबरी नव्हे, कारण तिथे पायऱ्या नुसत्या ताणल्या जातात, नव्या मिळत नाहीत.

काळा_चौकोन

उत्तम. एका वाक्यात धागाकर्त्यांसाठी: स्लाइडला रेंज हवी, निगेटिव्हला बिट हवेत, आणि छापील फोटोला दोन्ही बेताने पुरतात, कारण चकचकीत कागदावरचा काळादेखील २.० ते २.२ डेन्सिटीच्या फारसा पुढे जात नाही.

दिवाबत्ती

नॉइज आणि पायऱ्या यांच्यावर इतके लिहिले गेले, पण स्कॅनरच्या आत भरकटणाऱ्या प्रकाशाचा कोणी उल्लेखच केला नाही. माझ्या अनुभवाने सपाट काचेच्या स्कॅनरमध्ये बहुतेकदा खरा शत्रू तोच असतो. लेन्स, आरसे, काच आणि फिल्मचा उजळ भाग यांच्यावरून परावर्तित झालेला प्रकाश पातळ धुक्यासारखा संपूर्ण चित्रावर पसरतो.

समजा, हा प्रकाश एकूण प्रकाशाच्या हजाराव्या हिश्श्याइतका आहे. डेन्सिटी ३.० च्या भागातून मुळात ०.१ टक्का प्रकाश येतो, त्यात ०.१ टक्का धुके मिसळले की ०.२ टक्के होतो आणि स्कॅनरला ती डेन्सिटी २.७ वाटते. ३.६ च्या भागातून मुळात ०.०२५ टक्के येतो, धुक्यासह ०.१२५ टक्के होतो आणि स्कॅनरला तो २.९ वाटतो. म्हणजे दोन स्टॉपचा खरा फरक पाऊण स्टॉपहून कमी उरला. १६ बिट असोत की ६४, आणि वाचने १६ वेळा घ्या की १०० वेळा, याच्यात फरक पडत नाही, कारण हे धुके दर वाचनात तसेच्या तसे असते आणि सरासरीने केवळ बदलणारी गोष्ट कमी होते.

मी स्टाउफरची ३१ पायऱ्यांची घनता-पट्टी वापरून हे पाहिले. तिची पहिली पायरी ०.०५ डेन्सिटीची आहे, प्रत्येक पुढची ०.१० ने वाढते आणि शेवटची ३.०५ आहे. पट्टी काचेवर उघडी ठेवून स्कॅन केली, तेव्हा २७ व्या पायरीच्या पुढच्या पायऱ्या मला एकमेकींपासून वेगळ्या काढता येईनात. मग काळ्या कागदाची चौकट कापून पट्टीच्या भोवतालची मोकळी काच झाकली आणि पट्टीचा उजळ अर्धाही झाकून घेतला. दुसऱ्या स्कॅनमध्ये शेवटच्या पायऱ्यांचे आकडे खाली गेले आणि आणखी दोन पायऱ्या सुट्या झाल्या. बिटांचे सेटिंग दोन्ही वेळा एकच होते. अर्थात खऱ्या स्लाइडमधले उजळ अंगण असे झाकता येत नाही, पण तिच्याभोवतीची मोकळी काच नक्की झाकता येते.

रेघोट्या

दिवाबत्ती, ‘वेगळ्या काढता येईनात’ हे डोळ्यांनी ठरवले की आकड्यांनी? आकड्यांनी ठरवण्याची रीत अशी: प्रत्येक पायरीच्या मध्यातला चौकोन निवडून त्याची सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत ते) पाहावे. एक पायरी उतरताना सरासरी जितकी घसरते, त्याची तुलना विचलनाशी करावी. संकेत नॉइजइतकाच उरला की तिथे रेंजचा तळ आला असे समजावे. आयएसओ २१५५० हे २००४ चे मानक स्कॅनरची डायनॅमिक रेंज मोजण्यासाठीच आहे आणि त्याचाही गाभा संकेत आणि नॉइज यांच्या गुणोत्तरातच आहे. त्यातली खुबी अशी की नुसती सरासरी न पाहता डेन्सिटी बदलल्यावर आकडा किती बदलतो हे पाहिले जाते, त्यामुळे तुमचे धुके रेंजमध्ये गणले जात नाही.

दिवाबत्ती

पहिल्यांदा डोळ्यांनी, नंतर याच रीतीने. उत्तर एका पायरीने बदलले. डोळा थोडा आशावादी निघाला.

प्रतिमावेध

अवांतर वाटेल, पण विषयाला धरून आहे. जुन्या ड्रम स्कॅनरमध्ये सेन्सरऐवजी फोटोमल्टिप्लायर नळी (अतिमंद प्रकाशाचा संकेत वाढवून देणारी नळी) असे आणि त्यांतल्या अनेकांमध्ये कन्व्हर्टरच्या आधी लॉग अॅम्प्लिफायर बसवलेला असे. म्हणजे अंकांत रूपांतर होण्यापूर्वीच संकेत डेन्सिटीच्या भाषेत आलेला असायचा. अशा वेळी १२ बिटांच्या ४,०९६ पायऱ्या ४.० डेन्सिटीवर समान वाटल्या, तर प्रत्येक पायरी ०.००१ ची होते, उजेडातही आणि अंधारातही. काळा_चौकोन यांनी दाखवलेली ‘२,०४८ पायऱ्या एकट्या उजळ स्टॉपला’ ही उधळपट्टी तिथे होतच नाही. त्या यंत्राचे १२ बिट आणि सपाट काचेच्या यंत्राचे १६ बिट यांची तुलना करणे म्हणूनच निरर्थक आहे.

काळा_चौकोन

माझी ‘पक्की मर्यादा’ सरळ मोजणीपुरतीच पक्की होती, हे नमूद करून ठेवतो.

जुनी_पेटी (धागाकर्ता)

दोन दिवस प्रयोग करून पुन्हा लिहीत आहे. स्लाइडभोवतीची मोकळी काच काळ्या कागदाने झाकली, स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये १६ वाचनांचा पर्याय होता तो निवडला आणि ४८ बिटांवर स्कॅन केले. वेळ इतका लागला की मध्ये एकदा यंत्र अडकले की काय अशी शंका आली. खुर्चीची पाठ दिसली. तिच्यावर टाकलेला टॉवेल मात्र अजूनही धूसर आहे. मग त्याच स्कॅनची प्रत २४ बिटांवर उतरवून दोन्ही सारख्याच उजळवल्या. २४ बिटांच्या प्रतीत दाराच्या चौकटीजवळच्या भिंतीवर पट्टे आले, ४८ बिटांच्या प्रतीत भिंत गुळगुळीत राहिली. पहिल्या खेपेला हा फरक का दिसला नव्हता, याचे उत्तरही तिथेच मिळाले: तेव्हा नॉइज इतका होता की त्याने पट्टे झाकून टाकले होते. नॉइज कमी झाल्यावरच बिटांची गरज दिसू लागली.

आता साठवणुकीचा प्रश्न उरला. ४,००० डीपीआयवर ३५ मिमी फ्रेमची १६ बिटांची टिफ फाइल १२८ एमबीच्या घरात जाते आणि ८ बिटांची ६४ च्या. सगळ्याच फाइली १६ बिटांत ठेवाव्यात का?

उलटछाया

निगेटिव्ह उलटवण्याआधीचे कच्चे स्कॅन १६ बिटांत ठेवा, त्यात काटकसर नको. स्लाइडपैकी ज्यांच्यात खोल सावल्या आहेत आणि ज्यांच्यावर पुढे काम करायचे आहे, त्याही १६ बिटांत ठेवा. काम पूर्ण झालेल्या, पुन्हा ताणण्याची शक्यता नसलेल्या प्रती ८ बिटांत चालतील. आणि टॉवेलसाठी एक शेवटचा प्रयत्न सुचवतो: सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे स्कॅन एकत्र करण्याची सोय असेल तर ती वापरून पाहा. दुसऱ्या स्कॅनमध्ये अंगण पूर्ण पांढरे जळून जाईल, ते जाऊ द्या. अंधाऱ्या खोलीला मात्र जास्त इलेक्ट्रॉन मिळतील आणि टॉवेल गाळाच्या वर येईल. दोन स्कॅनमध्ये फिल्म केसभरही हलू देऊ नका, नाहीतर दाराच्या कडा दुहेरी दिसतील.